नशिबाची तालीम

सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेने ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’ मराठीत बसवायला घेतलं, तेव्हा पहिला वाद झाला तो नाटकाच्या सुरुवातीच्या चौदा ओळींवरून. सूत्रधार येतो आणि सगळंच सांगून टाकतो. व्हेरोनात दोन घराणी आहेत, त्यांचं जुनं वैर आहे, त्यांच्या पोटची दोन मुलं एकमेकांवर प्रेम करतील, मरतील आणि त्यांच्या मरणाने वैर मिटेल. या मुलांचे ग्रहच वाकडे होते, असंही तो सुचवून जातो. संस्थेतल्या तरुण मुलांचं म्हणणं पडलं की हे गाळावं. शेवट आधीच कळला तर माणसं बसतील कशाला?

दिग्दर्शिकेला ही मुलं ‘ताई’ म्हणतात. तिचं म्हणणं उलट होतं. ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, तिथे धनुष्य कोण मोडणार हे त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हतं? तरीही माणसं बसलीच. कीर्तनाला बसणाऱ्यांना आख्यानाचा शेवट पाठ असतो. शेवट माहीत असल्यामुळे गंमत जात नाही, उलट बघणाऱ्याची नजर बदलते, असं ती म्हणत राहिली.

मुलांच्या हाती लवकरच एक जोरकस मुद्दा लागला. शेक्सपिअर गेल्यावर 1623 साली त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्या नाटकांचा मोठा संग्रह छापला. त्यात या चौदा ओळी नाहीतच. 1599 च्या सुट्या प्रतीत त्या आहेत, संग्रहात नाहीत. मग ताईने वाद थांबवला आणि पहिले दोन अंक दोन्ही तऱ्हांनी करून पाहिले. समोर संस्थेतली जुनी चार-पाच माणसं बसवली. ओळी गाळल्या तेव्हा ती माणसं एक प्रेमकथा बघत होती, हसत होती. ओळी ठेवल्या तेव्हा तीच माणसं बारीकसारीक गोष्टींकडे संशयाने बघू लागली. हा अडाणी नोकर पाहुण्यांची यादी वाचून घ्यायला नेमका रोमिओलाच का गाठतो? ही दाई निरोप सांगायला एवढा वेळ का लावते? कोणी साधं दार लावलं तरी त्यांना धास्ती वाटत होती.

ओळी राहिल्या. त्या ओळींनी नियती प्रेक्षकांच्या ओंजळीत दिली. रंगमंचावरच्या माणसांना मात्र ती देऊन चालत नाही आणि ताईचं खरं काम तिथून पुढे होतं.

रोमिओ करणारा मुलगा मिरजेहून यायचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आवाज चांगला, पाठांतर पक्कं, पण पहिल्या एंट्रीपासून त्याच्या चेहऱ्यावर मरण. ज्यूलिएटच्या घरी, कॅप्युलेटांच्या मेजवानीला निघताना रोमिओला धाकधूक वाटते, आजच्या रात्रीतून काहीतरी अशुभ सुरू होणार असं त्याला आतून जाणवतं. ही वाक्यं हा मुलगा अशी म्हणायचा, की त्याला थडग्याचा पत्तासुद्धा माहीत असावा.

“एवढी धाकधूक वाटल्यावर माणूस काय करतो?” ताईने विचारलं.

“घरी जातो.”

“मग हा का जात नाही?”

मुलाने संहिता पुन्हा वाचली. धाकधूक बोलून झाल्यावर रोमिओ सुकाणू वरच्याच्या हाती सोपवतो आणि मित्रांना म्हणतो, चला. तो ‘चला’ त्याचा स्वतःचा असतो. मग मुलाने नाटकभर फिरून असे प्रसंग शोधले. ज्यूलिएटच्या घराण्यातल्या टिबॉल्टला मारल्यावर रोमिओ दैवाला बोल लावतो. ज्यूलिएट गेल्याची बातमी कळते तेव्हा तो ग्रहताऱ्यांना आव्हान देतो आणि त्याच दमात घोडे सांगतो, विषाची आठवण काढतो. थडग्यात ग्रहांचं जोखड झुगारायची भाषा करतो आणि विष पितो. म्हणजे रोमिओ नशिबाचं नाव घेतो ते नेहमी काहीतरी करण्याच्या तोंडाशी, नाहीतर करून झाल्यावर. हे सापडलं त्या दिवसापासून मुलाच्या चालण्यात फरक पडला. धाकधूक नटाला दाखवता येते, नियती दाखवता येत नाही. नटाला करता येतं ते थांबणं, वळणं, हात पुढे करणं, तलवार उपसणं.

द्वंद्वाचा प्रवेश काठ्या घेऊन बसवताना याची दुसरी बाजू दिसली. त्या प्रवेशात रोमिओचा पहिला निर्णय सगळ्या नाटकातला सर्वांत शहाणा आहे. तासाभरापूर्वी त्याचं गुपचूप लग्न झालेलं आहे, टिबॉल्ट आता त्याचा नातेवाईक आहे, म्हणून शिव्या खाऊनही तो लढायला नकार देतो. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याला तो नकार भेकडपणा वाटतो आणि तो स्वतः तलवार काढतो. रोमिओ दोघांना सोडवायला मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून टिबॉल्टचं पातं मर्क्युशिओला लागतं. वाचवायला पुढे केलेल्या हातामुळेच मित्राला पातं येताना दिसलं नाही. हे बसवताना मुलं फार अस्वस्थ झाली. माणसाच्या हाती निर्णय असतो, त्याचं फळ नसतं, हे त्यांना त्या एका हालचालीत कळलं. त्यानंतर परत आलेल्या टिबॉल्टला ठार मारणं हा मात्र पुन्हा पूर्णपणे रोमिओचा निर्णय आहे आणि ताईने तिथे रोमिओला मुद्दाम एक मोठा पॉझ दिला. लढायचं की नाही, हे प्रेक्षकांना दिसायला हवं होतं.

हॉलच्या भिंतीवर तिने एक लांब ब्राउन पेपर लावला. त्यावर रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे रकाने आखले. मुलांनी प्रत्येक वाराखाली लिहायचं की कोणी काय ठरवलं. काय घडलं ते लिहायचं नाही, फक्त कोणी काय ठरवलं.

हे रकाने आखता येतात, कारण शेक्सपिअरने स्वतः वेळापत्रक आवळलेलं आहे. त्याच्यासमोर आर्थर ब्रूकची 1562 सालची दीर्घ कविता होती. तिच्यात ही गोष्ट कित्येक महिने चालते. लग्नानंतर त्या दोघांना चोरून भेटायला आठवडेच्या आठवडे मिळतात. शेक्सपिअरने ते सगळे महिने चार-पाच दिवसांत कोंबले. ब्रूकची ज्यूलिएट सोळाच्या आसपास आहे, शेक्सपिअरची अजून चौदाची व्हायची आहे. रविवारी रात्री भेट, सोमवारी दुपारी लग्न, त्याच दिवशी दोन खून आणि रोमिओला हद्दपारी, मंगळवारी पहाटे ताटातूट. या वेगात कोणाला दुसऱ्यांदा विचार करायला सवडच राहत नाही. ताईला या नाटकात नियती म्हणून जर काही दिसत असेल, तर ती ही घाई आहे. आणि घाई आकाशातून पडत नाही, कोणीतरी ती करतं.

कोण करतं, हे सापडलं दाईचं काम करणाऱ्या शिक्षिकेला. ज्यूलिएटच्या बापाची, कॅप्युलेटची, भूमिका संस्थेतल्या एका ज्येष्ठ नटाकडे होती. बँकेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना ‘काका’ म्हणतात. काका पहिल्यापासून म्हणायचे, “माझा यात काय दोष? मी तर पोरीचं चांगलं स्थळ बघतोय.” ब्राउन पेपरवर सोमवारच्या रकान्यात त्यांची नोंद होती. ज्यूलिएटला मागणी घातलेल्या पॅरिसशी बोलताना कॅप्युलेट वार विचारतो, सोमवार आहे म्हटल्यावर स्वतःच म्हणतो की बुधवार फार जवळचा होईल, घरात टिबॉल्टचं सुतक आहे, गुरुवार ठरवू. मंगळवारच्या रकान्यात त्याच कॅप्युलेटची दुसरी नोंद होती. ज्यूलिएट धर्मगुरूकडून परत येते, खोटी माफी मागते, लग्नाला तयार आहे म्हणते. बापाला इतका आनंद होतो की तो लग्न उद्यावरच आणतो. उद्या म्हणजे बुधवार. आई म्हणते, गुरुवारपर्यंत थांबा, सामानसुमान व्हायचंय. तो ऐकत नाही.

शिक्षिका पेपरसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, “अहो काका, तुम्हीच बुधवार जवळचा म्हणालात आणि तुम्हीच बुधवारवर आणलंत की!”

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. हे लग्न टाळायला ज्यूलिएट जे औषध घेणार होती, ते तिला एक रात्र आधी घ्यावं लागलं. हद्दपार रोमिओकडे मॅन्टुआला गेलेल्या पत्राच्या हाताशी असलेला एक अख्खा दिवस गेला. आणि हे कोणा दुष्टाने केलं नाही, लाडक्या मुलीवर खूश झालेल्या बापाने केलं. काकांनी त्या दिवसानंतर दोष नसल्याचं बोलणं सोडलं. लग्न बुधवारवर आणण्याचं वाक्य ते आता खूप प्रेमाने म्हणू लागले आणि म्हणूनच ते ऐकवेना.

पत्राच्या प्रसंगाने सर्वांत जास्त तालमी खाल्ल्या. धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स ज्यूलिएटला 42 तास मेल्यासारखं झोपवणारं औषध देतो आणि हा बेत रोमिओला कळवायला फ्रायर जॉनच्या हाती पत्र पाठवतो. जॉन सोबतीला म्हणून आपल्या पंथातल्या एका साधूला घ्यायला जातो. तो साधू आजाऱ्यांची विचारपूस करत असतो. प्लेगचा संशय येऊन शहराचे तपासनीस त्या घराला कुलूप ठोकतात आणि जॉन आत अडकतो. तेवढ्यात रोमिओचा नोकर बाल्थाझार ज्यूलिएटच्या मरणाची बातमी घेऊन मॅन्टुआला पोचलेला असतो.

हा प्रवेश अगदी छोटा आहे आणि बरेच दिग्दर्शक त्याला कात्री लावतात. मुलांनाही तो सोयीस्कर योगायोग वाटत होता. ताईने त्यांना त्या काळाचं लंडन सांगितलं. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे तिथली नाटकगृहं बहुतेक वेळ बंद होती आणि हे नाटक त्यानंतर लवकरच लिहिलं गेलं. संशयित घरं आतल्या माणसांसह बंद करणं हे तिथल्या प्रेक्षकांनी स्वतःच्या गल्लीत पाहिलेलं होतं. आमच्या मुलांनी 2020 साली ते पत्रे ठोकलेल्या सोसायट्यांतून पाहिलं होतं. एवढं सांगितल्यावर त्या प्रवेशाबद्दल कोणी काही बोललं नाही. फ्रायर जॉन करणाऱ्या मुलाने बंद दारावर हात आपटण्याची जागा स्वतःच शोधून काढली.

दुसऱ्या कलाकारांनी या पत्राचं काय केलं, हेही त्यांनी बघितलं. झेफिरेल्लीच्या 1968 च्या चित्रपटात साधू गाढवावरून संथ चाललेला असतो आणि बाल्थाझार घोडा उडवत त्याच्या पुढे निघून जातो. प्लेगच नाही, फक्त गाढव आणि घोडा. बाझ लुहरमनच्या 1996 च्या चित्रपटात पत्र कुरिअरने जातं आणि रोमिओच्या हाती पडत नाही. 1957 च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतिकेने सर्वांत कठोर बदल केला. तिथे अनिता निरोप घेऊन येते, टोळीतली पोरं तिच्या अंगचटीला जातात, तिची विटंबना करतात आणि संतापाच्या भरात ती सांगते की नायिका मारिया मेली. योगायोगाची जागा तिथे द्वेषाने घेतली. ताईला हा बदल मोलाचा वाटतो, कारण तो या जुन्या नाटकातही मुळात दडलेलं काहीतरी उघडं करतो. दोन घराण्यांचं वैर नसतं तर चोरून लग्न नसतं, चोरून लग्न नसतं तर चोरून पत्र नसतं. प्लेगने एक पत्र अडवलं. दोन जीव एका पत्रावर टांगून ठेवले ते थोरांनी. म्हणूनच तिचं या नाटकाबद्दल एकच ठाम म्हणणं आहे: त्या दोन मुलांचं नशीब म्हणजे इतरांनी आधीच घेऊन ठेवलेले निर्णय.

हे म्हणणं शेक्सपिअरच्या काळातल्या लोकांनी मान्य केलं असतं, असा तिचा दावा नाही. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी 15 जानेवारी 1559 हा दिवस जॉन डी या ज्योतिष जाणणाऱ्या विद्वानाने काढून दिला होता. ब्रूक तर एकाच पुस्तकात दोन तोंडांनी बोलतो. प्रस्तावनेत तो आईबापांचं न ऐकणाऱ्या विषयासक्त मुलांना झोडपतो आणि कवितेत पानोपानी फॉर्च्यून या दैवदेवतेच्या चाकाला दोष देतो. शेक्सपिअरने मुलांना झोडपणं पार टाकून दिलं, ग्रहतारे मात्र ठेवले. पुढे ‘ज्युलियस सीझर’मध्ये त्याने कॅशिअसच्या तोंडी ताऱ्यांना दोष देऊ नये असा विचार घातला आणि ‘किंग लिअर’मध्ये एडमंडकडून ज्योतिषाची टिंगल करवली. पण कॅशिअस खुनाचा कट रचत असतो आणि एडमंड भावाला देशोधडीला लावत असतो. माणूस स्वतंत्र आहे, हे म्हणणारी माणसं शेक्सपिअर सज्जनांतून निवडत नाही. ही गोष्ट ताईला फार विचारात पाडते.

आपल्याकडचं उदाहरण निघालं ते शकुंतलेचं. मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ 1880 च्या किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून धरतात, त्यामुळे दुर्वासाचा शाप आणि माशाने गिळलेली अंगठी इथल्या नाटकवाल्यांच्या अंगात मुरलेली आहे. महाभारतात मात्र ना शाप आहे ना अंगठी. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि ओळखूनही भर दरबारात नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर तो कबूल करतो की मला ठाऊक होतं, लोकांना शंका राहू नये म्हणून मी असं वागलो. कालिदासाने शाप आणून नायकाला वाचवलं. त्याने नाटक फार सुंदर झालं, यात शंका नाही. पण राजाच्या निर्णयाचं ओझं तेव्हापासून एका रागीट ऋषीच्या डोक्यावर गेलं. तालमीत हे सांगताना ताईचा आवाज चढला होता, असं ज्यूलिएट करणाऱ्या मुलीला आठवतं.

त्या मुलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ती कॉमर्सची पदवी घेऊन एका सीएच्या ऑफिसात काम करत होती आणि घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. एक जमत आलेलं स्थळ मोडलं तेव्हा घरचे म्हणाले, योग नव्हता. प्रत्यक्षात देण्याघेण्याच्या बोलणीत बिनसलं होतं आणि ते तिने शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं. हे तिने ताईला तालमीनंतर चहा पिताना सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. तिला औषध पिण्याच्या प्रवेशात अडचण येत होती आणि तिला ती दूर करायची होती.

तो प्रवेश म्हणजे या नाटकातला सर्वांत एकाकी प्रसंग. आई खोलीतून निघून गेलेली, दाईने पॅरिसशी लग्न करून मोकळी हो असा सल्ला दिलेला, नवरा परगावी. तेरा वर्षांची मुलगी रात्री एकटी कुपी हातात घेऊन एकेक शक्यता तपासते. औषध चाललंच नाही तर? म्हणून ती खंजीर जवळ ठेवते. धर्मगुरूने आपलं बिंग फुटू नये म्हणून विषच दिलं असेल तर? रोमिओ यायच्या आधी जाग आली आणि त्या तळघरात गुदमरले तर? पूर्वजांच्या हाडांमध्ये वेड लागलं तर? रोमिओने एवढा विचार नाटकभर कुठेही केलेला नाही. ज्यूलिएट सगळे धोके समोर मांडते आणि मग पिते. तिच्या तोंडी इथे ग्रहतारे येत नाहीत.

मुलगी हा प्रवेश सुरुवातीला रडत करायची. ताईने रडू काढून घेतलं आणि म्हणाली, “तू ऑफिसात बॅलन्सशीट तपासतेस तशी तपास.” मुलीने तसं केलं. आवाज खाली आला, बोटं कुपीवर स्थिर झाली. त्यानंतर त्या प्रवेशाला हॉलमध्ये कोणी कुजबुजलं नाही.

थडग्याच्या प्रवेशाला मुलांनी नवा हट्ट धरला. ज्यूलिएटला एक मिनिट आधी जाग आली तर? खरं तर हा हट्ट शेकडो वर्षं जुना आहे. 1530 च्या सुमाराला लुइजी दा पोर्तो याने ही गोष्ट व्हेरोनात आणून लिहिली, त्यात नायिका नायक जिवंत असतानाच जागी होते. डेव्हिड गॅरिकने 1748 साली लंडनच्या रंगभूमीवर ती भेट पुन्हा घातली आणि पुढे कित्येक वर्षं लोकांनी तेच रूप पाहिलं. त्याही आधी, 1660 च्या दशकात, जेम्स हॉवर्डने दोघांनाही जिवंत ठेवणारी आवृत्ती केली होती. एक दिवस दुःखान्त, दुसऱ्या दिवशी सुखान्त असे आळीपाळीने प्रयोग झाल्याचं जॉन डाउन्स या जुन्या प्रॉम्प्टरने लिहून ठेवलं आहे. प्रोकोफिएवने 1935 मध्ये बॅले रचला तेव्हा त्याच्याही मूळ आराखड्यात ती दोघं वाचत होती, नंतर तो शेवट बदलावा लागला.

ताईने मुलांना ते करू दिलं. रोमिओने विष घेतलं आहे आणि ज्यूलिएट डोळे उघडते, असा प्रसंग त्यांनी स्वतःच्या शब्दांत रचला. पहिल्यांदा करताना दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काहीतरी सैल पडतंय असं त्यांनाच वाटू लागलं. दोघं एकत्र आहेत, दोघांना सगळं कळलेलं आहे आणि करण्यासारखं काही उरलेलं नाही. मग ती दोघं नशिबाला दोष देत बसतात, दुसरं करणार काय? शेक्सपिअरने त्यांना अर्धवट माहितीवर, एकेकटं, निर्णय घ्यायला लावलं. रोमिओला ज्यूलिएटच्या गालावरचा रंग दिसतो, तो ते बोलूनही दाखवतो आणि तरी थांबत नाही. ज्यूलिएटला फ्रायर लॉरेन्स बाहेर चल म्हणतो, मठात ठेवीन म्हणतो. पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तो स्वतः पळतो आणि ती मागे राहते. तिला पर्याय दिलेला आहे, ती तो नाकारते. तिसऱ्या तालमीनंतर मुलांनी आपणहून मूळ प्रसंग परत घेतला.

‘सैराट’चा विषय निघणार हे उघडच होतं. नागराज मंजुळे यांचा 2016 चा तो चित्रपट या सगळ्या मुलांनी शाळा-कॉलेजच्या वयात पाहिलेला. कोणी म्हणालं, तो आपला ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’. ताईने विचारलं, त्यात न पोचलेलं पत्र कुठे आहे? नाहीच. तिथे सगळे निरोप पोचतात, पत्तासुद्धा पोचतो आणि त्या पत्त्यावर मारेकरी येतात. तिथे चुकामूक झालेली नाही. थंड डोक्याने, घरात चहा पिऊन केलेला खून आहे. अशा खुनांच्या बातम्या अजून येतात आणि गावात कुठेतरी कोणीतरी ‘त्यांच्या नशिबातच होतं’ असं बोलून जातं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर त्याला घरच्यांची, समाजाची वा खाप पंचायतीची संमती लागत नाही. हे सांगून ताई म्हणाली, नशीब म्हटलं की मारेकऱ्याचं नाव पुसलं जातं. व्हेरोनाच्या गोष्टीतही तिला नावं पुसलेली नको होती.

या नाटकात एक माणूस असा आहे, की ज्याच्याबद्दल स्वातंत्र्य आणि नियती हे दोन्ही शब्द अपुरे पडतात. मॅन्टुआचा औषधविक्या. हाडांचा सापळा, फाटके कपडे, दुकानात रिकामी खोकी. विष विकलं तर मॅन्टुआत देहदंड आहे, हे त्याला माहीत आहे. रोमिओ त्याच्यासमोर चाळीस डुकाट धरतो. तो जे उत्तर देतो त्याचा अर्थ असा, की हे माझं दारिद्र्य कबूल करतंय, माझी इच्छा नाही. आणि विष देतो.

ही भूमिका मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी असलेल्या एका मुलाने केली. त्याला दोन-चारच वाक्यं होती. त्याने पहिल्याच वाचनाला विचारलं होतं, “ताई, हा नाही म्हणू शकला असता का?” ताईने उत्तर दिलं नाही, कारण तिच्याकडे ते तयार नव्हतं आणि आजही नाही. वरच्या घरांतली माणसं प्रेमासाठी, मानासाठी, वैरासाठी निर्णय घेतात. हा माणूस पोटासाठी घेतो आणि ते त्यालाही कळतं. मुलाने ते वाक्य पैशांकडे न बघता म्हटलं. पैसे मोजले मात्र नीट, सवयीच्या हातांनी. ब्रूकच्या कवितेत शेवटी शिक्षा कोणाला होते हे ताईने त्याला सांगितलं: दाईला हद्दपारी, औषधविक्याला फाशी आणि धर्मगुरूला माफी. वैर पोसणाऱ्या दोन्ही घराण्यांच्या प्रमुखांना काहीच नाही.

शेक्सपिअरने ही यादी दिली नाही. त्याच्या नाटकात शेवटी व्हेरोनाचा राजपुत्र एवढंच म्हणतो की काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा. कोणाला काय, हे सांगत नाही. त्याआधी फ्रायर लॉरेन्स सगळी हकीकत पुन्हा सांगतो आणि आपला दोष कबूल करतो. राजपुत्र कबूल करतो की भांडणांकडे डोळेझाक केल्यामुळे त्याचेही दोन नातलग गेले. रोमिओचा बाप मॉण्टेग्यू ज्यूलिएटचा सोन्याचा पुतळा उभारीन म्हणतो आणि कॅप्युलेट रोमिओचा तसाच उभारीन म्हणतो. प्रयोग आटोपशीर व्हावा म्हणून हा भाग बहुतेक ठिकाणी कापतात. प्रेमिक मेले, आता कोण बसणार, असं व्यवस्थेचं काम बघणाऱ्यांनीही सुचवलं. ताईने एक ओळ कापू दिली नाही. मुलं मेल्यावर मोठ्या माणसांनी उभं राहून आपण काय केलं ते बोलायलाच हवं, असा तिचा आग्रह होता.

राजपुत्र करणाऱ्या मुलाला ते क्षमा-शिक्षेचं वाक्य कोणाकडे बघून म्हणायचं ते ताईने बसवून दिलं नाही. दर प्रयोगाला तू ठरव, म्हणाली. सांगलीत त्याने फ्रायरकडे बघितलं. पुढच्या एका प्रयोगात पहारेकऱ्यांनी धरून आणलेल्या बाल्थाझारकडे. मिरजेत त्याने कॅप्युलेटवर नजर रोखली आणि वाक्य संपेपर्यंत हलवली नाही. मेकअप उतरवताना काकांनी त्याला गाठलं.

“अरे, माझ्याकडे का बघत होतास एवढा वेळ?”

“तुम्ही लग्न बुधवारवर आणलंत म्हणून, काका.”

काकांनी कापूस खाली ठेवला. “मग पुढच्या प्रयोगाला मॉण्टेग्यूकडेही बघ,” ते म्हणाले. “तो नाटकभर काय करत होता, ते त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.”